लहरींचे गायरान

परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे, असे १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने ठरवले होते. आज त्या कायद्याच्या व्याख्येत बसणारे यंत्र दिवाणखान्यात टीव्हीशेजारी, दवाखान्याच्या काउंटरमागे, पतसंस्थेच्या कार्यालयात आणि कॉलेजच्या व्हरांड्यात दिसते. राउटर लहरी घेतो तशा सोडतोही. तो म्हणजे एक छोटे प्रक्षेपण केंद्रच आहे. तरी तो बसवताना कोणी अर्ज करत नाही, शुल्क भरत नाही, निरीक्षकाची वाट पाहत नाही. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत सर्वांसाठी परवानामुक्त केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झ त्यात घातला, म्हणून हे शक्य झाले. वाय-फायच्या यशाचे श्रेय आपण चिपला, राउटरला, कंपन्यांना देतो. त्यांचा वाटा आहेच, पण पाया घातला तो लहरींचा एक तुकडा सर्वांसाठी मोकळा ठेवण्याच्या धोरणाने. ते धोरण आता ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कितपत पुढे न्यायचे, यावर मोबाइल कंपन्या आणि तंत्रज्ञान कंपन्या यांच्यात रस्सीखेच चालू आहे. हा वाद दिल्लीतल्या तज्ज्ञांवर सोडून देण्याजोगा नाही, कारण ज्या मालमत्तेबद्दल तो आहे, ती आपली सर्वांची आहे.

मोबाइल कंपनी लहरींचा पट्टा लिलावात घेते, तेव्हा संबंधित दूरसंचार सर्कलमध्ये त्या पट्ट्यावर दुसऱ्या कोणालाही प्रक्षेपण करता येत नाही. बांध घातलेल्या शेतासारखा तो वेगळा होतो. वाय-फायचा पट्टा मात्र गावच्या गायरानासारखा आहे: कोणाचेही जनावर तिथे चरू शकते, फक्त गावाने ठरवलेली शिस्त पाळावी लागते. त्या शिस्तीचे पहिले कलम सरकारने घातले आहे, ते शक्तीच्या मर्यादेचे. २.४ गिगाहर्ट्झवर अँटेनाचा लाभ धरूनही चार वॅटच्या वर जाता येत नाही आणि घरगुती राउटर तर साधारण शंभर मिलिवॅटवरच चालतात. त्यामुळे आपल्या लहरी दोन-चार भिंती ओलांडेपर्यंत क्षीण होतात आणि पलीकडच्या इमारतीत तोच पट्टा पुन्हा वापरता येतो. दुसरे कलम यंत्राच्या आतच लिहिलेले आहे: बोलण्याआधी ऐकायचे.

फोनवरून एखादा फोटो पाठवताना हे ऐकणे कसे चालते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. फोटोचे तुकडे होतात. पहिला तुकडा पाठवण्याआधी फोन हवेचा कानोसा घेतो. तीस-चाळीस मायक्रोसेकंद हवा शांत आढळली, तरी तो लगेच बोलत नाही. शून्य ते पंधरामधला कुठलाही एक आकडा उचलतो आणि नऊ-नऊ मायक्रोसेकंदांच्या ठोक्यांनी उलटा मोजत जातो. मध्येच दुसरे कोणी बोलू लागले, तर मोजणी थांबवतो आणि त्याचे संपल्यावर पुढे चालू करतो. शून्यावर आला की तुकडा सोडतो आणि राउटरकडून पोच येते का पाहतो. पोच आली नाही, तर दोघे एकाच क्षणी बोलले असावेत असे धरून या वेळी आकडा शून्य ते एकतीसमधून उचलतो, पुढच्या खेपेला त्रेसष्टपर्यंतचा, असे वाढवत १,०२३ पर्यंत. गर्दी जितकी जास्त, तितके प्रत्येक जण आपणहून अधिक थांबतो. पाळी लावून देणारा कोणी नाही, तंटा सोडवणारा कोणी नाही. एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेली शेकडो कोटी यंत्रे रोज या नियमाने नांदतात. सामायिक मालमत्ता कोणाचीच नसते आणि म्हणून तिचा नास होतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर तपासावे.

हा पट्टा मोकळा राहिला तो कोणाच्या औदार्याने नव्हे. १९४७ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा भाग उद्योग, विज्ञान आणि वैद्यकाच्या यंत्रांसाठी बाजूला काढला गेला. तापवण्याची यंत्रे, पुढे मायक्रोवेव्ह ओव्हन, यांचा इतका गोंगाट तिथे असे, की दळणवळणासाठी तो टाकाऊ समजला जाई. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने त्यातच परवान्याशिवाय दळणवळणाला मुभा दिली, अट एवढीच की संदेश एका बारीक लहरीवर न पाठवता रुंद पट्ट्यावर पसरून पाठवावा. त्या दिवशी वाय-फाय कोणाच्या डोक्यातही नव्हते. मुभा आधी मिळाली, वापर नंतर सुचला. सामायिक लहरींवर संगणकांना बोलते करण्याचा धडा हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटांदरम्यान ‘अलोहानेट’ उभारून घालून दिला होता. भिंती, कपाटे आणि माणसे यांवर आपटून तोच संदेश मागेपुढे पोहोचतो व अक्षरे एकमेकांत मिसळतात, ही अडचण उरली होती. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ’सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर उपाय काढला. त्यातल्या काही जणांचा मूळ अभ्यास रेडिओ खगोलशास्त्राचा होता. त्याच वळणाने १९९९ च्या एका मानकात एका वेगवान प्रवाहाऐवजी ५२ संथ प्रवाह शेजारी शेजारी सोडण्याची रीत आली आणि प्रत्येक अक्षरापुढे ०.८ मायक्रोसेकंदांची मोकळी जागा ठेवली गेली. तेवढ्या वेळात लहर सुमारे २४० मीटर जाते, म्हणजे खोलीतला कुठलाही प्रतिध्वनी त्या मोकळ्या जागेतच विरतो. १९९७ मध्ये पहिले मानक आले, तेव्हा वेग सेकंदाला दोन मेगाबिट होता. दोन वर्षांत तो अकरा झाला, आणि आजचे राउटर गिगाबिटची भाषा बोलतात.

परवानामुक्तीचा खरा फायदा वेगाहूनही मोठा आहे. ज्याला कोणी विचारले नसते, त्याला प्रयोग करता येतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी प्रा. अभय करंदीकर यांच्या पुढाकाराने ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प पालघर जिल्ह्यात राबवला. ग्रामपंचायतीपर्यंत आलेले इंटरनेट ५.८ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय दुव्यांनी आणि टीव्ही वाहिन्यांच्या रिकाम्या लहरींनी डोंगर-झाडीतल्या पाड्यांपर्यंत नेता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष गावांत दाखवले आणि मार्च २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. तमिळनाडूतल्या थेनी भागात अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांसोबत लांब पल्ल्याचे वाय-फाय दुवे उभारून खेड्यातल्या दृष्टिकेंद्रातले रुग्ण शहरातल्या डॉक्टरांना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्या गावांत साधे ब्रॉडबँडही धड नव्हते. दिशा साधणाऱ्या अँटेना आणि समोर मोकळी दृष्टिरेषा असेल, तर साध्या वाय-फायच्या उपकरणांनी किती लांब जाता येते, ते व्हेनेझुएलात २००७ मध्ये ३८२ किलोमीटरचा दुवा जोडून दिसले. या कामांपैकी एकालाही लिलावात बोली लावणे परवडले नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: भारतात मोबाइल डेटा जगातल्या स्वस्त देशांच्या पंगतीत आहे, ५जी गावोगाव पोहोचते आहे, मग वाय-फायची एवढी काळजी कशाला? आक्षेप वजनदार आहे. सार्वजनिक वाय-फायकडे आपल्याकडे जे दुर्लक्ष झाले, त्याचे मोठे कारण स्वस्त डेटा हेच आहे. पण एका जीबीचा दर आणि महिन्याला खिशातून जाणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी आपले दर साधारण ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले. चौघांच्या घरात चार रिचार्ज करणाऱ्या मजुराच्या हिशेबात ती वाढ चारदा धरावी लागते. त्याच घरात एक वायर आणि एक राउटर असेल, तर खर्च एकदाच. दिवसाला दीड जीबीची मर्यादा असलेल्या मुलीला दोन तासांचे व्याख्यान चांगल्या दर्जात पाहिल्यावर उरलेला दिवस हात आखडून काढावा लागतो. शिवाय मोबाइल कंपन्याच वाय-फायवर किती विसंबून आहेत, तेही पाहावे. सिमेंटच्या इमारतीत टॉवरचा सिग्नल शिरत नाही, म्हणून त्यांनी वाय-फायवरून कॉल करण्याची सोय दिली. २०२३ पासून ‘एअरफायबर’ या नावाने जी सेवा विकली जाते, तिच्यात ५जीची लहर गच्चीवरच्या किंवा खिडकीतल्या पेटीपर्यंत येते आणि तिथून घरात सगळ्या उपकरणांना पोहोचते ती वाय-फायनेच. ५जीला वाय-फायचा प्रतिस्पर्धी ठरवणे त्यामुळे चुकीचे आहे. शेवटची दहा पावले वाय-फायच चालते.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. लहरी ही दुर्मीळ राष्ट्रीय संपत्ती; ती फुकट का सोडायची? २जी प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, ते याच तत्त्वावर ना? त्या प्रकरणात दोष होता तो मोजक्या कंपन्यांना सार्वजनिक संपत्ती लिलावाविना अनन्य वापरासाठी देण्याचा. परवानामुक्त पट्टा कोणालाच अनन्य दिला जात नाही, म्हणून ती तुलना इथे लागू होत नाही. उलट, लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत आणि त्यांचा वापर लोकहितासाठी व्हावा, असे याच न्यायालयाने १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले होते. मोकळा पट्टा त्या विधानाला सर्वाधिक जवळचा आहे. लिलावातून दर वेळी घसघशीत रक्कम येतेच, हाही भ्रम आहे. जून २०२४ च्या लिलावात १०,५०० मेगाहर्ट्झहून अधिक लहरी विक्रीला होत्या; गेल्या अवघ्या १४१ मेगाहर्ट्झ आणि मिळाले सुमारे ११,३४० कोटी रुपये. न विकलेली लहर साठवून ठेवता येत नाही. आज रिकामी गेलेली मिनिटे उद्या वापरता येत नाहीत, म्हणून चढ्या राखीव किमतीची वाट पाहत पडून राहिलेला पट्टा हे देशाचे नुकसानच असते.

आता ६ गिगाहर्ट्झचा मुद्दा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये वाहिन्या तेरा असल्या, तरी एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच: पहिली, सहावी आणि अकरावी. पुण्या-ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात फोन उघडला की वीस-पंचवीस राउटरांची नावे दिसतात आणि ती सगळी याच तीन जागांत रेटारेटी करत असतात. वर सांगितलेले ते सौजन्याने थांबणे इथे इतके वाढते, की महागडी जोडणी घेऊनही रात्री नऊ वाजता व्हिडिओ अडखळतो आणि दोष इंटरनेट कंपनीला जातो. ५ गिगाहर्ट्झने काही काळ श्वास दिला. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ६ गिगाहर्ट्झचा १,२०० मेगाहर्ट्झचा संपूर्ण पट्टा मोकळा केला आणि युरोपने २०२१ मध्ये त्याचा खालचा भाग. भारताने खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी नियमांचा मसुदा आणला तो मे २०२५ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पाच वर्षांनी. या काळात नव्या पिढीचे राउटर जगभर विकले गेले. दिशा योग्य आहे, चाल फार मंद. शिवाय ५०० मेगाहर्ट्झमध्ये १६० मेगाहर्ट्झच्या रुंद वाहिन्या तीनच बसतात आणि नव्या मानकातली ३२० मेगाहर्ट्झची एकच. संपूर्ण पट्ट्यात त्या अनुक्रमे सात आणि तीन होतात. एकच रुंद वाहिनी म्हणजे शेजाऱ्याशी पुन्हा तीच रेटारेटी. वरचा ७०० मेगाहर्ट्झ मोबाइल कंपन्यांना हवा आहे. त्यांची मागणी पोरकट नाही: मध्यम लहरींचा तुटवडा त्यांनाही जाणवतो आणि दाट शहरांत रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला टॉवरच लागतो. पण ६ गिगाहर्ट्झची लहर जाड भिंतीतून जाताना दमते. बाहेरच्या टॉवरवरून ती घरात घुसवण्यासाठी शक्ती वाढवण्यापेक्षा घरातच कमी शक्तीवर वापरणे हा तिच्या स्वभावाला धरून असलेला उपयोग आहे. कमी शक्तीचे घरातले वाय-फाय आणि याच पट्ट्यात आधीपासून असलेल्या उपग्रहाच्या सेवा एकत्र नांदू शकतात. उच्च शक्तीच्या टॉवरांबरोबर तसे जुळवणे कितीतरी अवघड आहे.

वाय-फायबद्दलची सुरक्षेची धास्ती अनाठायी नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात निघाले. त्यानंतर दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या आणि सार्वजनिक ठिकाणी ओळख पटवूनच जोडणी देण्याची पद्धत रुळली. वाय-फायचे पहिले कुलूप, वेप, २००१ मध्येच फुटले होते. २००४ चे डब्ल्यूपीए-२ बरेच भक्कम निघाले, त्यातही २०१७ मध्ये फट सापडली आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. या इतिहासातून निघतो तो निष्कर्ष बंदीचा नाही, देखभालीचा आहे. राउटरबरोबर आलेला ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड बदलणे, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क ठेवणे ही कामे कोणाही घरात अर्ध्या तासात होतात. आरोग्याच्या भीतीचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले, ते मुख्यतः कानाला लावून तासन्‌तास वापरलेल्या मोबाइलच्या अभ्यासांवरून. या लहरींत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक चतुर्थांश होते. शाळेतला राउटर काढायला लावणाऱ्या पालकांनी मुलाच्या उशाशी असलेल्या फोनकडे आधी पाहावे.

वाय-फायची खरी मर्यादा निराळी आहे आणि तिच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही: त्याच्या पाठीमागे वायर लागते. फायबर नसेल, वीज टिकत नसेल, बिघाड झाल्यावर माणूस येत नसेल, तर राउटर हा भिंतीवरचा शोभेचा डबा उरतो. केंद्राच्या ‘भारतनेट’ने आणि आपल्याकडे राज्याच्या ‘महानेट’ने फायबरचे तंतू ग्रामपंचायतींच्या दारापर्यंत नेण्याचे मोठे काम हाती घेतले, त्या दारापासून पुढची जबाबदारी कोणाची, हे ठरले नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलवर रेल्वेची कंपनी रेलटेल आणि गुगल यांनी मोफत वाय-फाय सुरू केले, ते पुढे देशभरातल्या सहा हजारांहून अधिक स्थानकांत गेले. एर्नाकुलमच्या स्थानकावरच्या एका हमालाने ओझी वाहता वाहता त्याच वाय-फायवर धडे ऐकले आणि २०१८ मध्ये केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केली. भक्कम वायर आणि तिची राखण करणारी संस्था असली की सार्वजनिक वाय-फाय चालते, हे रेल्वेने दाखवून दिले. याउलट, दूरसंचाराच्या २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे उद्दिष्ट होते. डिसेंबर २०२० मध्ये ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर झाली. चहाच्या टपरीवाल्यालाही परवान्याविना, नोंदणी शुल्काविना वाय-फाय विकता यावे, ही तिची कल्पना उत्तम होती. तरीही हॉटस्पॉटची संख्या काही लाखांतच घुटमळते आहे. कारण टपरीवाल्याकडून इंटरनेट कंपन्या मोठ्या कार्यालयांचे व्यावसायिक दर मागत होत्या. दूरसंचार नियामकाने जून २०२५ मध्ये हे दर घरगुती फायबर जोडणीच्या दुपटीपेक्षा जास्त नसावेत असा आदेश काढला, तेव्हा साडेचार वर्षे गेली होती.

महाराष्ट्राकडे ही पोकळी भरण्याचे साधन तयार आहे. १९६७ च्या कायद्याखाली उभी राहिलेली अकरा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये राज्यात आहेत, बहुतेक तालुक्यांत आणि कितीतरी गावांत. तिथे छप्पर आहे, कार्यकारिणी आहे, स्पर्धा परीक्षांची मुले बसतात अशा अभ्यासिका आहेत. ग्रामपंचायतीतला तंतू तिथपर्यंत ओढणे, दोन चांगले राउटर आणि एक बॅटरी देणे, ग्रंथपालाला ‘पीएम-वाणी’चा चालक म्हणून नोंदवणे आणि देखभालीची रक्कम वार्षिक अनुदानातच धरणे, यासाठी नवा विभाग किंवा नवी योजना लागत नाही. राज्य सरकारने पुढच्या अर्थसंकल्पात ही तरतूद करावी. केंद्राने ६ गिगाहर्ट्झचा वरचा पट्टा लिलावाला काढण्याची घाई करू नये. घरातल्या कमी शक्तीच्या वापरासाठी त्यातला निदान एक भाग मोकळा सोडावा. आणि ज्यांच्या गावात ग्रंथालय आहे, त्या वाचकांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय लेखी देऊन कार्यपत्रिकेवर घ्यायला लावावा.